सातचा भोंगा आणि पनवेलची लोकल

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती साधारण तीन हजारांची. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला भोंगा पुन्हा होतो. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, नाहीतर एकमेकांशी बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांची ही कल्पना गावातल्या पुरुषांनी आधी हसण्यावारी नेली होती. मग आशा सेविका, शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरले आणि भोंगा अंगवळणी पडला.

त्याच सात वाजता पनवेलमध्ये काय चालू असते? सीएसएमटीहून सुटलेली हार्बरची गाडी पनवेलला पोचायला सुमारे ८० मिनिटे घेते. सहाला ऑफिस सुटले, तरी सातला आई मानखुर्दच्या पुढे आणि बाबा अजून जिन्यावरच्या गर्दीत. तळोज्याच्या कारखान्यांत किंवा उरणकडच्या बंदरात पाळीवर जाणाऱ्यांचे घड्याळ आणखी वेगळे. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघरच्या हजारो फ्लॅटांत शाळेतून आलेले मूल तोवर चार-पाच तास घरी असते. सोबत आजी-आजोबा असतात, कधी तेही नसतात. फोन मात्र असतो. तो दिलेला असतो आई-बाबांनीच, “पोचलास की मिस्ड कॉल दे” म्हणून.

इथे भोंगा कुणी वाजवायचा आणि कुणी ऐकायचा?

महाराष्ट्रातल्या गावांनी या प्रश्नावर निरनिराळी उत्तरे काढून पाहिली. यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीच केली. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड लावला आणि त्याबरोबरच संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हातात मोबाईल नको असेही ठरवले. या ठरावांमागची कळकळ खरी आहे. पण वडगाव धरून तिन्ही ठिकाणी मोजले जाते ते एकच, मूल किती वेळ पडद्यापुढे आहे. पडद्यापलीकडे कोण आहे आणि तो मुलाशी काय बोलतोय, हे भोंग्याला कळत नाही.

फोन मुलांच्या हातात आला कसा, हेही आठवायला हवे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. “शाळा बंद, पण शिक्षण आहे” हा राज्याचा उपक्रम व्हॉट्सॲप आणि दीक्षा ॲपवरून घरोघरी पोचला. तोपर्यंत फोनला हात लावला म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलांना त्याच हातात फोन देऊन बसवावे लागले. कर्ज काढून, दागिना मोडून फोन घेतलेली घरे पनवेलच्या आसपासच्या वाड्यांवरही होती. शाळा उघडल्या, पण फोन परत गेला नाही.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकत होती. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना त्रासदायक खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होते. आपले खाते प्रायव्हेट करणे त्याहून कमी जणांना, ५५ टक्क्यांना, जमत होते. हे आकडे खेड्यांतले आहेत. स्टेशनलगतच्या शहरात फोन कमी आणि शहाणपण जास्त असेल, असे मानायला काही आधार नाही.

मग पडद्यापलीकडे नेमके काय घडते? ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलिस मुख्यालयात सायबर जागरूकता महिन्याचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत अभिनेता अक्षय कुमार यांनी आपल्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांची १३ वर्षांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. समोरचा अनोळखी खेळाडू आधी ‘छान खेळलीस’ म्हणाला. मग कुठे राहतेस, मुलगा की मुलगी, अशी विचारपूस झाली. ती मुलगी आहे हे कळल्यावर थोड्या वेळाने त्याने तिच्याकडे नग्न फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास सायबर शिक्षणाचा ठेवावा, अशी मागणी अक्षय कुमार यांनी त्याच व्यासपीठावरून केली.

वृत्तपत्रांचे मथळे अर्थातच फोटोच्या मागणीवर गेले. खरी बातमी होती शेवटच्या वाक्यात. तिने आईला सांगितले. तशी मागणी कुणाही मुलीला येऊ शकते, पण सांगता येणे प्रत्येकीच्या नशिबी नसते.

त्याच्या उलट गोष्ट त्याआधी चार वर्षांची, जोगेश्वरीची. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या १६ वर्षांच्या मुलाने पबजीच्या नादात आईच्या खात्यातले सुमारे १० लाख रुपये उडवले. आई-वडिलांना कळले, ते रागावले आणि मुलगा चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरातून शोधून आणले आणि समुपदेशन करून घरी पोचवले. १० लाख एका रात्रीत जात नाहीत. पहिल्या काही हजारांच्या वेळी त्याला घरात तोंड उघडता आले असते, तर प्रकरण तिथेच आटोपले असते. पण पहिल्या चुकीची शिक्षा फोन जप्त होणे असेल, तर दुसरी चूक लपवण्याकडेच मुलाचा कल जातो.

लपवण्याचे हे प्रमाण लहान नाही. ‘क्राय’ संस्थेने २०२० मध्ये दिल्ली आणि परिसरातल्या ६३० किशोरवयीन मुलांची पाहणी केली. नऊ टक्क्यांहून थोड्या अधिक मुलांना ऑनलाइन छळाचा अनुभव होता आणि त्यांतल्या निम्म्यांनी तो पालक, शिक्षक, कुणालाच सांगितलेला नव्हता. मुलींच्या बाबतीत गप्प राहण्याचे कारण आणखी जड असते. ‘असर’च्या पाहणीत फोन वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांचा स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी २७ टक्के जणींचा. ज्या घरात मुलीच्या हाती फोन मुळातच नाखुशीने आलेला असतो, तिथे तक्रार केली तर आधी फोन जाईल, मग क्लास, मग मैत्रिणीकडे जाणे, हा हिशेब ती मनात कधीच मांडून बसलेली असते. धमकावणारालाही हा हिशेब ठाऊक असतो. “तुझ्या घरी सांगीन” ही धमकी चालते ती त्याच्याच जोरावर.

पालकांची भीती मात्र बऱ्याचदा भलत्या दिशेला धावते. २०१७ च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ या तथाकथित जीवघेण्या खेळाने महाराष्ट्रातले पालकांचे ग्रुप दणाणून गेले होते. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुकसारख्या कंपन्यांना त्याचे दुवे काढायला सांगितले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत स्पष्ट केले, की तपासलेल्या एकाही मृत्यूचा या खेळाशी संबंध सिद्ध झाला नाही. पुढे ‘मोमो’ची आवई आली आणि तशीच विरली. या दोन्ही वेळा मुलांशी बोलणे झाले ते दरडावण्यापुरते, आणि तेही मुलांनी आधीच ऐकलेल्या अफवांवर. गेममधला गोडबोल्या, मैत्रिणीच्या नावाने उघडलेले खोटे खाते, वर्गाच्या ग्रुपवर फिरणारा बदललेला फोटो, फ्री फायर मॅक्समधले डायमंड स्वस्तात देतो म्हणून मागितलेला ओटीपी, असली रोजची साधी संकटे चर्चेतून सुटली. ती भयंकर दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलावेसे कुणाला वाटत नाही.

कायद्याने आपल्या परीने बरेच केले आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा डिजिटल माध्यमातून लैंगिक हेतूने मुलाचा वारंवार पाठलाग वा संपर्क करण्यालाही लैंगिक छळ मानतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार मुलांची अश्लील दृश्ये तयार करणे, पसरवणे, मुलांना तसल्या संबंधांसाठी ऑनलाइन फूस लावणे यांना पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सामग्री नुसती बाळगण्यालाही पॉक्सोच्या चौकटीत आणले. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि त्याच्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना तयारीला दीड वर्ष मिळाले.

ऑस्ट्रेलिया याच्याही पुढे गेला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांसारख्या माध्यमांवर खाते ठेवता येत नाही. दंड होतो तो कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. आपल्याकडे अजून इन्स्टाग्रामची अट १३ वर्षांची आहे आणि ती ओलांडायला जन्मसाल दोन-तीन वर्षे मागे नेले की पुरते. पाचवीतल्या मुलाचे खाते अनेकदा घरातल्या मोठ्या ताईने, कधी खुद्द बाबांनीच उघडून दिलेले असते. खोटे वय टाकायला घरानेच शिकवल्यावर “इंटरनेटवर खोटं बोलणाऱ्यांपासून सांभाळ” हा उपदेश त्याच तोंडून कसा करायचा?

कंपन्यांनी दिलेली कुलपेही आहेत. गूगलच्या फॅमिली लिंकमधून मुलाच्या फोनची वेळ आणि ॲप आवरता येतात. इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती फेब्रुवारी २०२५ पासून भारतात सुरू झाली. ती आपोआप प्रायव्हेट असतात आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ही कुलपे जरूर लावावीत. चौदाव्या वर्षी मात्र बहुतेक मुलांना कुलपाची पळवाट ठाऊक असते. आई-बाबांना दाखवायचे एक खाते आणि मित्रांसाठी दुसरे, ही सोय तर सर्रास आहे. लपून मुलाचे चॅट वाचणाऱ्या पालकाच्या हाती पहिले खाते लागते आणि मुलाचा विश्वास हातातून जातो.

घरात नेमके काय उपयोगी पडते, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सोनिया लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी आठ युरोपीय देशांतल्या ६,४०० पालकांची उत्तरे तपासली. नुसते निर्बंध घालणाऱ्या घरांत धोके कमी दिसले, पण मुलांच्या शिकण्याच्या संधीही कमी झाल्या. सोबत बसून, समजावून, वाट दाखवत वापरू देणाऱ्या घरांत संधी वाढल्या आणि धोक्यांशी गाठही जास्त पडली. म्हणजे बोलणाऱ्या घरातले मूल संकटात सापडणारच नाही, अशी हमी कुणी देऊ नये. बोलणाऱ्या घराचा फायदा नंतर कळतो, अडचण आल्यावर मूल कुणाकडे जाते त्यावरून.

महाराष्ट्रात हे काम शाळाशाळांतून करणारी माणसेही आहेत. सोनाली पाटणकर यांची ‘रिस्पॉन्सिबल नेटिझम’ ही मुंबईची संस्था आणि मुक्ता चैतन्य यांचे ‘सायबर मैत्र’ ही त्यांतली ठळक नावे. वर्षातून एखादे व्याख्यान मुलांचे कान उघडते. पुढचे ३६४ दिवस घराचे असतात.

आणि घरात बोलणे म्हणजे समोर बसवून घेतलेली उलटतपासणी नव्हे. “काय करत होतास मोबाईलवर?” या प्रश्नाला आजवर कुठल्या मुलाने “काही नाही” याखेरीज उत्तर दिले आहे? “हा गेम मला पण शिकव ना” याला मात्र तासभर उत्तर मिळते. खेळताना समोर कोण आहे, आवाज कुणाचा येतोय, स्किन घ्यायला पैसे कुठून येतात, सगळे ओघात निघते. समोरासमोर नजर भिडवून बोलण्यापेक्षा बरोबरीने चालताना मूल अधिक बोलते. वडाळे तलावाभोवतीची एक फेरी किंवा स्कूटरवरून क्लासला सोडतानाची दहा मिनिटे त्यासाठी पुरतात.

वयानुसार बोलणेही बदलावे लागते. सात-आठ वर्षांच्या मुलाला दोनच गोष्टी पुरतात. आपले नाव, शाळा, पत्ता गेममधल्या कुणाला सांगायचा नाही आणि पैसे मागणारे बटण दिसले की मोठ्यांना हाक मारायची. यूपीआयचा पिन त्याला ठाऊक नसावा, हे काम मुलाचे नाही, पालकांचे. अकरा-बाराच्या मुलाला हे सांगावे लागते, की वर्गातल्या कुणाचा फोटो बदलून ग्रुपवर टाकणे ही गंमत नाही, तो गुन्हा होऊ शकतो आणि पुढे पाठवणाराही त्यात अडकतो. चौदा-पंधराव्या वर्षी प्रेम, आकर्षण, फोटो हे शब्द घरात उच्चारावे लागतात. पालकांना अवघडायला होते. ते अवघडलेपण कबूल केले तरी चालते. “मला हे बोलायला जड जातंय, पण कुणी फोटो मागितला, किंवा तू पाठवून बसलास तरी, आधी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही.” या शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त किंमत आहे, कारण ते पाळावे लागते. एकदा मोडले, की घरातली सगळी भावंडे ते लक्षात ठेवतात.

आजी-आजोबांना या बोलण्यातून वगळणे पनवेलसारख्या शहराला परवडणारे नाही. दुपारचे घर त्यांच्या ताब्यात असते. नातू खोलीत आहे, उन्हात भटकत नाही, म्हणजे सुखरूप आहे, असा त्यांचा साधा समज. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘ॲडोलेसेन्स’ या ब्रिटिश मालिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाच्या आई-वडिलांनाही तसेच वाटत होते. मूल घरात, आपल्या खोलीत आहे, मग काळजी कसली! आजोबांनी नातवाकडून यूट्यूब शिकून घेतले आणि त्या बदल्यात “अनोळखी कोणी बोललं का रे?” एवढे रोज विचारले, तरी दुपार बदलते.

पालकांच्या स्वतःच्या फोनचेही बघायला हवे. पहिल्या दिवशी गणवेशात, शाळेचा बिल्ला दिसेल असा काढलेला फोटो, वाढदिवसाची तारीख, सोसायटीचे नाव, क्लासची वेळ, हे सगळे पालकच स्टेटसवर टाकतात. अनोळखी माणसाला मुलाची ओळख पटवायला आणखी काय लागते? मुलाला न विचारता त्याचा फोटो टाकायचा नाही, हा नियम घरात आधी मोठ्यांनी पाळला, तर संमती म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

एवढे करूनही काही घडलेच, तर पहिल्या तासाला काय करायचे हे आधीच ठरलेले बरे. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट, खात्याचा दुवा, नंबर जपून ठेवावा, मग ब्लॉक करावे. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत, एकदा दिले की मागणी वाढते. खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. सरकारच्या ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. १८ वर्षांखालच्या मुलाचे नग्न चित्र पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा आकडेरूपी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून चित्र अडवतात.

पोलिस ठाण्याची पायरी चढायला घरे बिचकतात, त्यांनी पॉक्सोचे कलम २४ माहीत करून घ्यावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करणे हा माध्यमांसाठीही गुन्हा आहे. पनवेल शहर, पनवेल तालुका, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर ही ठाणी नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात येतात. आयुक्तालयाचे वेगळे सायबर ठाणेही आहे आणि राज्याच्या ‘महाराष्ट्र सायबर’चे मुख्यालय नवी मुंबईतच, महापे इथे आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्या, की पनवेलमधल्या बहुतेक शाळांत पालकसभा होतात. गणवेश, वह्या, रिक्षाकाकांचे नंबर यांवर तास जातो. यंदा त्यात दहा मिनिटे या विषयाला मिळावीत आणि रिक्षाकाकांच्या नंबराखाली आणखी एक नंबर वहीत लिहून घेतला जावा. १०९८. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही चाइल्डलाइन आता सरकार चालवते. तो फोन मूल स्वतः लावू शकते, दिवसा-रात्री केव्हाही, आई-बाबांची लोकल अजून मानखुर्दच्या पुढे असली तरी.